हार्लन टोफ्टेच्या डब्यातल्या लाल माश्या

मी, म्युरिएल अ‍ॅग्नेस टोफ्टे, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार थर्स्टन सरोवराच्या उत्तर काठावरचे पांढरे घर, मुक्काम एल्डर नॅरोज, मिनेसोटा, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, या कागदाने लिहून ठेवते की आज माझी बुद्धी जागेवर आहे, चष्मा लावून मला स्वच्छ दिसते, मी कोणतेही गुंगीचे औषध घेतलेले नाही आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. गुडघे सोडले तर माझी काही तक्रार नाही. यापूर्वी २०१३ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते घाईत केले होते आणि त्यात एका व्यक्तीचे नाव रागाने गाळले होते.

वकिलांनी मला दोन पानांचा मसुदा करून दिला होता. तो बिनचूक आहे, पण वाचून कोणाला काही उमगणार नाही. म्हणून त्यांचीच कलमे ठेवून मी माझ्या हाताने पुन्हा लिहिते आहे. ते म्हणाले, "बाई, कारणं द्यायची गरज नसते. वस्तू आणि माणसाचं नाव, एवढं पुरतं." मी म्हटले, मला कारणेच द्यायची आहेत, वस्तू केवळ निमित्त.

कलम १. घर, त्याखालची जमीन, धक्का आणि गॅरेज माझा मुलगा कर्टिस याला द्यावे. तो टुसॉनला राहतो आणि हिवाळ्यात इकडे फिरकत नाही, तेव्हा तो घर विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. वाडवडिलांच्या नावाने गळा काढून रिकामे घर सांभाळण्यात काही पुण्य नाही. एवढेच, की गिऱ्हाइकाला किल्ली देण्यापूर्वी त्याने हा कागद शेवटपर्यंत वाचावा. कर्टिस, बाबांनी गळाच्या माश्या बांधणे का सोडले, असे तू मला तीनदा विचारलेस. तिन्ही वेळा मी म्हटले, हातामुळे. ते अर्धे खरे होते. उरलेले कलम चारमध्ये आहे.

बँकेत जे असेल तेही कर्टिसचेच. त्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च वजा व्हावा.

कलम २. माझी मोठी पातेली, तिन्ही भाजण्याचे ट्रे आणि चाळीस कपांचे कॉफीचे भांडे चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराला द्यावे. गायनवृंदाला काहीही देऊ नये. वकिलांनी हे वाक्य काढायला सांगितले, मी काढणार नाही. मी त्या वृंदात सव्वीस वर्षे गायले. १९९८ साली गळ्याच्या गाठीचे ऑपरेशन झाले, त्यात आवाजाची नस दुखावली, आणि मी परत गेले तेव्हा वृंदाच्या प्रमुख बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "म्युरिएल, तू उभी राहा आपल्या जागी. नुसते ओठ हलव." त्यांना वाटले त्या दया करताहेत. मी पुस्तक ठेवले आणि घरी आले. त्यानंतर मी गायले नाही, निदान माझी तशी समजूत होती.

त्या बाई आता हयात नाहीत. वृंद हयात आहे.

कलम ३. गॅरेजमधल्या वरच्या फळीवर मोटरचे एक नवे गिरमिट आहे, बर्फाला भोक पाडायचे, खोक्यातून कधी न काढलेले. जानेवारी २०१० मध्ये अग्निशामक स्वयंसेवकांनी बर्फावर भरवलेल्या मासेमारीच्या स्पर्धेत ते पहिले बक्षीस म्हणून आमच्या घरी आले. ते त्यांनाच परत करावे. पुढच्या कुठल्याही स्पर्धेत त्यांनी ते पुन्हा बक्षीस म्हणून लावावे. चालेल की नाही सांगता येत नाही.

कलम ४. माशी बांधायचा चिमटा, म्हणजे टेबलाच्या कडेला आवळून ज्यात गळ धरतात तो, सगळी रिळे, तांब्याची तार, पिसांचे आणि कातड्यांचे नऊ डबे, दिवा, भिंग, आणि बर्फावर बसून मासे धरायची खोपी तिच्या शेगडीसकट श्रीमती माय यिया लोर यांना द्यावी. त्या इथल्या शुश्रूषागृहात काम करतात आणि गेली तीन वर्षे दर रविवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येतात.

आता कारण.

ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी लिहिते. गळावर दोरा, पीस आणि जनावराची लव गुंडाळून जो खोटा किडा करतात, त्याला माशी म्हणतात. लोक उन्हाळ्यात नदीवर ट्राउटसाठी ती वापरतात. माझे दिवंगत पती हार्लन ती हिवाळ्यात बर्फाच्या भोकातून खाली सोडत, ब्लूगिल, क्रॅपी, पर्च या लहान माशांसाठी, जे तव्यात आख्खे मावतात. (इथे मी त्याला 'ते' म्हणत बसणार नाही. सेहेचाळीस वर्षे तो 'तो' होता.) सुरुवातीला लोक त्याला हसले. जिवंत अळी दुकानात डबीने मिळत असताना हा माणूस दिवसभर बर्फगाडीने रस्त्यावरचा बर्फ काढून घरी येतो आणि रात्रीच्या जेवणानंतर भिंग लावून कोंबडीचे पीस चिरत बसतो. त्याचे म्हणणे असे, "जानेवारीत मासा आळशी असतो. वास आला तरी तोंड उघडायचा कंटाळा करतो. पण नाकासमोर काहीतरी बारीक थरथरलं की त्याला राहवत नाही." त्याची माशी लाल दोऱ्याची, त्यावर तांब्याच्या तारेचे वळसे, टोकाला एक जड मणी आणि मागे पिसाची लव. तिने तो सरोवरावरच्या सगळ्यांहून जास्त मासे धरी. आमिषाच्या दुकानात वेंडेल स्टूर तिला 'टोफ्टे लाल' म्हणून विकायचा.

२००५ च्या शरदात हार्लनच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलू लागला. ड्युलुथच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हार्लनने नोकरी सोडली, गाडी चालवणे कमी केले, पण टेबल सोडले नाही. जेवण झाले की तो बसे, आणि तासाभरात जिथे पूर्वी वीस व्हायच्या तिथे सहा-सात माश्या बांधून डब्यात ठेवी. त्या माश्या पाहवत नसत. दोरा सैल, लव एका बाजूला, मणी डगमगता. दोनदा पाण्यात गेल्या की त्यांच्या चिंध्या होत. तो रिकाम्या बादलीने परत यायला लागला आणि म्हणू लागला की यंदा मासेच कमी आहेत.

मी त्याच्यासमोर बसून तीस वर्षे भाज्या चिरल्या होत्या, तेव्हा ते काम मला पाठ होते. एका सकाळी सहाला, तो उठायच्या आत, मी त्याच्या सहा माश्या पात्याने कापल्या आणि त्याच गळांवर नव्या बांधल्या. तोच लाल दोरा, तीच तार. लव मात्र निम्मी ठेवली, कारण मला नेहमी वाटे की तो जरा जास्तच लव लावतो आणि गोठलेल्या पाण्याखाली ती हलत नाही. डबा होता तिथे ठेवला. संध्याकाळी तो चौदा ब्लूगिल घेऊन आला आणि म्हणाला, "हात अजून गेलेला नाही, म्युरी."

असे मी चार हिवाळे केले. रोज. कोणाला सांगितले नाही. रात्री तो बांधायचा, सकाळी मी कापून पुन्हा बांधायची. मी हे त्याच्यासाठी करते आहे असे स्वतःला सांगत होते, आणि ते खरेही होते. पण लोक दुकानात त्या विरळ लाल माशीचे कौतुक करू लागले, हार्लनने म्हातारपणी नवीनच युक्ती काढली म्हणू लागले, तेव्हा मला ते टोचू लागले. हे लपवून ठेवणे माझीच कल्पना होती, आणि मला तेच सोसवेना.

३० जानेवारी २०१०. स्पर्धेचा दिवस. बर्फावर दोनशे माणसे. हार्लनने एक पौंड नऊ औंसांचा ब्लूगिल काढला आणि पहिला आला. मी कॉफीच्या टेबलाशी होते. साप्ताहिकाचा बातमीदार कॅमेरा घेऊन आला आणि माशी हातात धरून म्हणाला, "इतकं बारीक काम, या वयात? खरंच तुम्हीच बांधता?"

हार्लनचे दोन्ही हात हातमोज्यांत होते. तो म्हणाला, "चाळीस वर्षांची सवय आहे."

"मिसेस टोफ्टे मदत करत असतील."

"म्युरी?" हार्लन हसला. "तिला माशीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं तेही कळत नाही. ती डबे पुसते."

लोक हसले. वाईट हसले नाहीत. अशा ठिकाणी लोक हसतात तसे हसले. मी कॉफीचा कप खाली ठेवला आणि गर्दीतून पुढे गेले.

"मग बांधून दाखव," मी म्हटलं. "इथं. सगळ्यांसमोर."

"म्युरी, चल, घरी जाऊ."

"हात काढ बाहेर."

त्याने काढला नाही. मी त्याच्या उजव्या हाताचा मोजा धरला आणि ओढला.

त्याचा हात दोनशे माणसांसमोर हलत होता. थंडीत तो नेहमीपेक्षा जास्त हले. अग्निशामक दलाचा प्रमुख आपल्या बुटांकडे पाहू लागला. मी बातमीदाराच्या हातातली माशी घेतली, वर धरली आणि म्हणाले, "चार वर्षं या मी बांधते. एकूण एक." बातमीदाराने बटण दाबले.

हार्लनने आपला दुसरा हात पुढे केला आणि अगदी सभ्यपणे, दुकानात अनोळखी बाईशी बोलावे तसा, म्हणाला, "मोजा दे. थंडी आहे."

गाडी मी चालवली. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "हीटर वाढव जरा." त्या विषयावर तो त्यानंतर कधीही बोलला नाही. संध्याकाळी तो टेबलाशी बसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चिमटा टेबलाला आवळलेला राहिला आणि मी त्याच्याभोवतीने पुसत राहिले. पुढचे दोन हिवाळे तो वेंडेलकडून अळ्यांची डबी नेऊ लागला. अळी गळात ओवणे त्याला जमत नसे. शेजारच्या खोपीतला लॉयड पेल्टियर त्याला ओवून देई. लॉयड, तू या कागदाचा साक्षीदार आहेस म्हणून कायद्याने मला तुझ्या नावे काही ठेवता येत नाही. तू दोन हिवाळे त्याच्या गळाला अळ्या लावल्यास आणि मला एका शब्दानेही बोलला नाहीस. तू बोलायला हवे होतेस.

हार्लन मार्च २०१२ मध्ये न्यूमोनियाने गेला.

मी मात्र माश्या बांधत राहिले. दिवसा, उजेडात, दुकानासाठी. वेंडेलने पाटीवर 'म्युरिएलची लाल' असे लिहिले. लोक फोन करून मागवू लागले. मी खोटे काही बोलले नव्हते. माश्या माझ्याच होत्या, विरळ लव माझीच कल्पना होती. म्हणूनच तो दिवस मनातून काढणे अवघड गेले. खोटे असते तर परत घेता आले असते.

माय यिया लोर तीन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या दारात आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत अकरा ब्लूगिल. म्हणाल्या, "हे तुमच्या माशीचे. आता मला बांधायला शिकवा, मी दुकानात पैसे घालवून थकले." त्यांच्या नणंदा-जावा सगळ्या मिळून बर्फावर बसतात, चिकट भात आणि मिरचीचा ठेचा घेऊन, आणि आमच्या पुरुषांपेक्षा जास्त मासे नेतात. पहिल्या रविवारी मी त्यांना तळलेला मासा दिला. त्यांनी एक घास खाल्ला आणि विचारले, "टोफ्टेबाई, तुमच्याकडे मासा आजारी माणसासाठी करतात का?" तेव्हापासून त्या येताना ठेच्याची बरणी आणतात. ती माझ्या फ्रिजमध्ये दुसऱ्या फळीवर आहे, तीही त्यांचीच.

या सप्टेंबरमध्ये आम्ही हंगामाची तयारी करत होतो. त्यांनी आपली एक माशी आणि माझी एक माशी भिंगाखाली शेजारी ठेवली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"एक विचारू? तुमच्या तारेचे वळसे उलटे का जातात?"

"उलटे म्हणजे?"

"माझे इकडे उतरतात. तुमचे तिकडे. हे बघा."

मी पाहिले. "मी डावखुरी आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंच. मग बरं आहे. कोणी तुमची माशी आपली म्हणून विकली तर लगेच पकडता येईल." त्या हसल्या आणि पुढची बांधायला लागल्या.

त्या गेल्यावर मी खालच्या खणातून हार्लनची जुनी माशी काढली, आजारपणाच्या आधीची. भिंगाखाली धरली. तिचे वळसे माय यियांच्या बाजूला उतरत होते. माझे सगळे दुसऱ्या बाजूला. चाळीस वर्षे तार गुंडाळणाऱ्या माणसाला हे दिसायला भिंग लागत नाही. डबा उघडताच दिसते. पहिल्या दिवशी दिसते.

मी तिथेच बसून राहिले, शेगडीवरचे बटाटे करपेपर्यंत. मग मला माझी नणंद अर्डिस हिचे बोलणे आठवले. ते कलम सहामध्ये आहे.

कलम ५. वेंडेल स्टूर याच्या दुकानात गल्ल्यामागे चौकटीत एक छायाचित्र आहे, साप्ताहिकात छापलेले. त्यात मी माशी वर धरून उभी आहे आणि जिंकल्यासारखी दिसते. शेजारी हार्लन. त्याचा उजवा हात हललेला आला आहे, नुसता धूसर डाग. ते छायाचित्र माझे आहे, मी वेंडेलला उसने दिले होते, आणि त्याने ते परत करावे. गेली तेरा वर्षे मी त्या दुकानात जाऊन त्याच्याकडे न पाहता सामान घेतले आहे. माझ्या पश्चात ते कर्टिसला पाठवावे. लपवू नये, जाळू नये. त्याने आईचा चेहरा नीट पाहावा.

पाटीवरचे नाव काय ठेवायचे ते वेंडेलने ठरवावे, मला आता त्यात रस नाही. परंतु कारखान्यात बनलेल्या माश्या माझ्या नावाच्या खोक्यात मिसळून विकणे त्याने बंद करावे. वेंडेल, मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्यांचे वळसे उजवे असतात हे तुला आज कळत असेल.

कलम ६. हार्लनची थोरली बहीण अर्डिस हिला पुढील वस्तू द्याव्यात: हार्लनचा पत्र्याचा डबा, त्यात उरलेल्या तेवीस माश्यांसह, स्पर्धेच्या दिवशी बंद झाला तसाच, त्याचा बर्फगाडीवरचा जाड कोट, आणि काचेचे एक चौकोनी भांडे, ज्याच्या तळाला चिकटपट्टीवर तिचेच नाव लिहिले आहे.

ते भांडे माझ्याकडे साडेअकरा वर्षे आहे. हार्लनच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होते. अर्डिसने त्या भांड्यात भट्टीत भाजलेले बटाट्याचे हॉटडिश आणले होते. भांडी आवरताना ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "म्युरिएल, तुला सांगायला हवं. त्याला माहीत होतं. पहिल्या हिवाळ्यापासून."

मला वाटले ती मला टोचते आहे. तिला मी कधीच पुरेशी वाटले नव्हते, आणि स्पर्धेच्या दिवसानंतर तर ती माझ्याकडे पाहतही नसे. मी म्हटले, "खोटं बोलतेस. भावाच्या मातीला आलीस आणि खोटं बोलतेस." तिने कोट घातला आणि ती गेली. तिचे भांडे मी न धुता मागच्या पायरीवर ठेवले. कोणीतरी ते धुऊन माझ्याच गाडीत टाकले. त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही, नाताळचे कार्ड पाठवले नाही, आणि २०१३ च्या कागदातून तिचे नाव काढले.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी मी गाडी काढून तिच्याकडे गेले. ती सत्त्याऐंशीची आहे, शेजारच्या गावी वृद्धांच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहते. दार वाजवले.

"कोण?"

"म्युरिएल."

दार उघडायला बराच वेळ लागला. काठी शोधत होती की विचार करत होती, ते मला कळले नाही.

"अकरा वर्षं," ती म्हणाली.

"साडेअकरा."

"आत ये. बूट काढ."

तिने कॉफी केली. मी मदत करू लागले तर हाताने बस म्हणाली. मी म्हटले, "तू खरं बोलली होतीस."

"मी खरं बोलले होते ते मला माहीत आहे. तुला कसं कळलं ते सांग."

मी तारेच्या वळशांचे सांगितले. ती नाकातून हसली. "त्याने त्यावरूनच तर ओळखलं. पहिल्याच आठवड्यात मला फोन केला. म्हणाला, अर्डिस, माझ्या डब्यात डावखुऱ्या माश्या निघतायत."

"मग मला का बोलला नाही?"

"तू गुणगुणायचीस म्हणून."

मला समजले नाही. मी तसे म्हटले.

"गळ्याच्या ऑपरेशननंतर तू घरात कधी सूर काढलास का? आठ वर्षं नाही. तो म्हणाला, सहाला उठते, दिवा लावते, चिमट्याशी बसते आणि गुणगुणते. चर्चमधलीच गाणी. आवाज फाटका आहे, तिला स्वतःला पत्ताही नाही. मी पडून ऐकतो. मी एक शब्द बोललो की संपलं सगळं." तिने कपात साखर घातली आणि ढवळत राहिली. "रात्री तो मुद्दाम बसायचा. हात दुखायचा त्याचा. पण त्याने बांधल्या नाहीत तर तू काय कापणार आणि काय बांधणार?"

मी विचारले, "मग त्या दिवशी लोकांसमोर तसं का म्हणाला?"

"दुसरं काय म्हणणार? ती बांधते म्हणाला असता तर त्याला कळलंय हे तुला कळलं असतं. मग तुझी सकाळ गेली. थट्टा करून वेळ मारून न्यायला गेला. त्याला थट्टा कधी धड जमली नाही, लहानपणापासून. नेहमी एक शब्द जास्त."

"रागावला होता का माझ्यावर?"

"नाही. मी विचारलं होतं त्याला. नाही म्हणाला." अर्डिसने कप खाली ठेवला. "मी आहे रागावलेली. अजून आहे."

मी कॉफी संपवली. क्षमा मागायची म्हणून गेले होते, ती मागितली. तिने मान हलवली, पण हो अशी नाही; ऐकले अशी. निघताना दारात म्हणाली, "रस्त्यावर ओली पानं पडलीत. हळू जा." भांडे गाडीतच राहून गेले, म्हणून इथे लिहिले आहे. तिच्या हयातीत मी ते स्वतः पोचवले तर हा भाग रद्द समजावा. त्यानंतर मी दोनदा गेले आहे. दुसऱ्या वेळी तिने दार जरा लवकर उघडले.

डब्यातल्या माश्या मी तिची समजूत काढायला देत नाही. त्यांच्याकडे पाहून हार्लनला काय दिसत होते ते तिला ठाऊक आहे, म्हणून देते.

कर्टिस, आता तुझ्यासाठी. मोजा ओढल्याचा अपराध मला तेरा वर्षे माहीत होता. त्याच्यासह जगायला मी शिकले होते, माणूस शिकतो. मी स्वतःला सांगायचे, त्यानेही माझे सगळ्यांत हसे केले, चूक दोघांची. आता तेही सांगता येत नाही. आणि दुसरा एक अपराध, ज्याची मला खबरच नव्हती, तो असा की त्या दिवसानंतर मी सकाळी सहाला उठणे बंद केले. बांधायला काही नव्हते. मी आठपर्यंत झोपत असे. तो माझ्या शेजारी जागा पडून असे, दोन हिवाळे, आणि घरात काही ऐकू येत नसे. तो कधी म्हणाला नाही, म्युरी, ऊठ. मला वाटे, बरे झाले, म्हातारपणी जरा झोप मिळते आहे.

कलम ७. मला हार्लनच्या डाव्या बाजूला पुरावे, जागा घेतलेली आहे. जमीन गोठलेली असेल तर वसंतापर्यंत थांबावे, उगाच यंत्र लावू नये. प्रवचन लहान असावे. जेवणाला माय यियांना त्यांचा ठेचा आणू द्यावा आणि त्याबद्दल कोणी तोंड वाकडे करू नये.

या कागदाची अंमलबजावणी कर्टिसने करावी. त्याला जमले नाही तर वकिलांनी.

कलम ८. हार्लनच्या नावे या मृत्युपत्रात काही नाही. जो माणूस आधीच गेला आहे त्याला कायद्याने काही देता येत नाही, असे वकिलांनी मला सांगितले. मी विचारले होते.

हा सर्व मजकूर मी स्वतःच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, आणि खालील दोघांच्या समोर त्यावर सही केली. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही. दोघांनी सगळे ऐकून घेतले आणि मध्ये कोणी बोलले नाही.

(सही) म्युरिएल अ‍ॅग्नेस टोफ्टे

साक्षीदार:

१. ग्रेटा लिंडमार्क, ग्रंथपाल, एल्डर नॅरोज (सही)

२. लॉयड पेल्टियर, निवृत्त टपालवाटप कर्मचारी, थर्स्टन सरोवर रस्ता (सही)

स्थळ: एल्डर नॅरोज, मिनेसोटा
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२३. खाडीत बर्फ धरला आहे, अजून चालण्याजोगा नाही.